खुशालरावांचा चिखल

आमचे जावई खुशालराव हे अकोल्यातले सगळ्यात स्वच्छ गृहस्थ. हे मी कौतुकानं सांगत नाही. अशा माणसाचा संसार म्हणजे काय, ते माझ्या लेकीला, साधनाला विचारा. त्यांच्या घरी पाय धुऊन गेलं तरी ते आधी फरशीकडे पाहतात, मग पाहुण्याकडे. लग्नाआधी मुलगी पाहायला आमच्याकडे अमरावतीला आले, तेव्हा बसायच्या आधी खिशातला रुमाल काढून त्यांनी आमची खुर्ची पुसली. आमचे मालक मला आत येऊन म्हणाले, पोरगा टापटीप दिसते. मी म्हटलं, हाव, आपल्या पोरीचं काम वाढलं. ते अजून वाढूनच राहिलं आहे.

मूळचे ते भातकुलीकडचे. घरची काळी जमीन, पावसाळ्यात रुतलेली चप्पल कापूस वेचताना सापडावी अशी. लहानपणी त्या चिखलाचा त्यांना एवढा राग आला, की शिकून सवरून भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायला बसले. जमिनीचीच नोकरी, पण जमीन कागदावर. मोजणीला जावंच लागलं तर शिपाई वावरात साखळी ओढायचा आणि हे बांधावर पँटची घडी सांभाळत उभे राहायचे. स्कूटर दर रविवारी धुवायचे आणि पाऊस आला की ती मळू नये म्हणून घरी ठेवून ऑटोनं जायचे. नकाशा मात्र असा काढायचे की पाहत राहावं. त्याचं त्यांना फळ काय मिळालं? ज्याचं वावर, तो नकाशा पाहून म्हणायचा, साहेब, हे माह्यं वावर नाही, माह्यं याच्याहून मोठं हाय. नोकरी लागली तेव्हापासून ती सुटेपर्यंत एकाही माणसानं त्यांना म्हटलं नाही, की हाव, हे माझंच.

नोकरी संपली आणि कागदावरची जमीनही संपली. मग त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडे वळलं. जिऱ्याच्या डब्यात मोहरीचा दाणा निघाला तर त्याची चौकशी बसायची. साधनाचा मला फोन आला, "माय, याईले काहीतरी काम पाह्य वं, नाहीतर मी तुह्याकडेच येऊन राह्यते." पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या नातीच्या, आचलच्या, कानावर हे गेलं. तिनं बापासाठी एक खोकं पाठवलं. आत प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे. सगळे जोडले की रणगाडा होतो, खऱ्याच्या पस्तीसाव्या हिश्श्याचा, म्हणजे पोळपाटावर मावेल एवढा.

मला वाटलं, बरं झालं, खेळणं मिळालं, लेकरू रमलं. रमलंच. तोंडाला फडकं बांधून, एका इवल्या फवाऱ्यानं त्यांनी त्याला असा गुळगुळीत हिरवा रंग दिला की माशी बसली असती तर घसरली असती. मी अकोल्याला गेले तेव्हा पाहून म्हटलं, छान झाला, ठेवा आता काचेच्या कपाटात.

"मामी, आता तर सुरुवात हाय," ते म्हणाले. (आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतात.) "आता याले खराब करा लागते."

मी कानावरचा पदर मागे केला. पण मी बरोबर ऐकलं होतं. रणगाडा नवा दिसून चालत नाही म्हणे, लढाईतून आलेला दिसावा लागतो. त्याला वेदरिंग म्हणतात. ज्या माणसानं जन्मात कधी चहाचा कप विसळल्याशिवाय ठेवला नाही, तो माणूस आता चष्म्यावर भिंग लावून मळ चढवायला बसला. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून त्यानं ओरखडे पाडायचे. काळपट तेलरंग पातळ करून फटीफटीत सोडायचा. पेन्सिलीचं शिसं घासून कडा चमकवायच्या. कसल्याशा थरासाठी केसांना मारायचा फवारा लागतो म्हणून ते बायकांच्या दुकानात गेले. दुकानातल्या पोरीनं त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथं जे काही उरलं आहे, त्याला फवाऱ्याची गरज नाही हे तिलाही दिसत होतं. पण बिचारीनं काही न बोलता दिला.

मग गंज आला. विकत आला. आमच्या अमरावतीच्या घरामागं एक जुना कूलर पडला आहे, त्याच्यावर पाहिजे तेवढा गंज फुकट होता, पण तो चालत नाही. आणि गंजानंतर आला चिखल. छोट्या बाटलीत, कुरिअरनं, परदेशातला. सही करून घेतला त्यांनी. मी म्हटलं, खुशालराव, तुमच्या भावाले भातकुलीले एक फोन करा, थो ट्रॉलीभर पाठवीन. तर ते मला नकाशा समजावून सांगावा तसं सांगायला लागले, की मामी, आपली माती काळी. लढाई झाली पंजाबकडे, तिकडची भुरी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोरानं पंजाबचा चिखल परदेशातून मागवला, आणि तो बाटलीतला चिखल फ्रीजवर जपून ठेवला, साधनाचं लोणचं सरकवून.

लढाई पंजाबकडची हे त्यांना कुठून कळलं, तर नागसेन वानखडेंमुळे. नागसेन त्यांच्या कचेरीतला जुना सोबती, मूर्तिजापूरचा. तो एकदा चहाला आला आणि टेबलावर ती हिरवी गाडी पाहून म्हणाला, खुशालभाऊ, हे तर माह्या बाबाची गाडी. त्याचे बाबा देवमनजी एकाहत्तरच्या लढाईत असाच रणगाडा चालवत होते. आता पंचाहत्तरी उलटली, गुडघे गेले, दिवसभर ओसरीत खुर्चीवर बसतात.

झालं. खुशालरावांना मालक सापडला. पंधरा दिवसाआड ते अकोल्याहून पॅसेंजर पकडून मूर्तिजापूरला जायला लागले आणि देवमनजींसमोर बसून चिखलाची चौकशी करायला लागले. चाकांच्या कोणत्या बाजूला जास्त होता, ओला होता का वाळलेला, तोफेच्या नळीवर काजळी कुठपर्यंत होती, मागं तेल सांडलेलं होतं तर डाग गोल का लांबट. देवमनजी डोळे मिटून विचार करायचे आणि सांगायचे. डाव्या बाजूनं जास्त. उजव्या दिव्यावर एक मोठा शिंतोडा. तेलाचा डाग लांबट. हे घरी येऊन दात कोरायच्या काडीनं तेवढाच शिंतोडा तिथंच लावायचे आणि पुढच्या खेपेला फोटो नेऊन दाखवायचे. देवमनजी म्हणायचे, थोडा आणखी खाली. हे परत येऊन थोडा आणखी खाली. मोजणीच्या अर्जाला एवढ्या खेपा घातल्या असत्या तर अर्ध्या जिल्ह्याचे बांधाचे तंटे मिटले असते.

हे सगळं कशासाठी, तर एका वाक्यासाठी. दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते सांगून ठेवलं होतं. गाडी पुरी झाली की ती देवमनजींच्या हातात द्यायची, आणि देवमनजींनी पाहून म्हणावं, हाव, हे माह्यीच गाडी. बस. स्पर्धा नको, बक्षीस नको. मी कितीही टोमणे मारले तरी त्या वाक्यावर मी गप्प बसायची. ते वाक्य त्यांचं कुठलं राहिलेलं होतं, हे मला ठाऊक होतं.

दिवस ठरला दसऱ्याचा. त्या दिवशी देवमनजींकडे धम्मचक्र दिनाची खीर असते. दरवर्षी नागपूरला जायचे, पण गुडघ्यांमुळे आता घरीच वंदना करतात. त्यांनी खुशालरावांना जेवायलाच सांगितलं, गाडी घेऊन या म्हणून. सगळा चिखल लावून झाला होता. तो पक्का बसावा म्हणून वरून शेवटचा एक वार्निशचा हात द्यायचा, तो तेवढा मुद्दाम ठेवला होता. देवमनजींनी एखादा शिंतोडा हलवायला सांगितला तर?

मी नवमीला सकाळच्या बसनं अकोल्याला पोचले. खुशालराव झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलेले. साधना गच्चीवर होती, म्हणून मीही वर गेले. नवमीला आपल्याकडे घरातलं सगळं हत्यार-अवजार धुऊन पुसून पुजतात, ते तुम्हाला सांगायला नको. गच्चीत उन्हात सगळं मांडलेलं होतं. विळी, कात्री, शिवणयंत्राचं मुंडकं, मिक्सरचं भांडं, स्कूटरच्या पान्यांची पेटी, आणि समयांच्या बाजूला एका ताटात, पाणी निथळावं म्हणून उलटा घातलेला, रणगाडा. चाकं वर करून. झुरळासारखा.

"हे काय वं?" मी विचारलं.

"साऱ्या घरात खरं हत्यार तेच एक हाय," साधना म्हणाली. "बाकी लोकं विळी पुजतात. आपल्याकडे तोफ हाय तर पुजू नको का? पण माय, केवढी घाण होती त्याच्यावर. भांड्याच्या साबणानं निघेना, जुना टूथब्रश लावा लागला."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर खोड काढल्याचं काही नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या माणसानं तिला स्वच्छता शिकवली, तो बाजारातून यायच्या आधी तिनं त्याची सगळ्यात लाडकी वस्तू लख्ख करून ठेवली होती, एवढंच. शिकवणी वाया गेली नव्हती. तिनं तो सुलटा केला, कोरड्या फडक्यानं पुसला, नळीवर हळदीकुंकू लावलं.

खुशालराव फुलांची पिशवी घेऊन वर आले. त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता गच्ची दणाणते. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, वाकून चाकांमध्ये पाहिलं, मग नळीखाली, मग मागं. पंजाबचा कण राहिला नव्हता. खालचा हिरवा रंग तेवढा टिकला होता, आणि ओरखडे.

"साबणानं?" त्यांनी विचारलं.

"मंग काय? इकतचा चिखल तर बाटलीत फ्रीजवर हाय, हे मले साधी घाण वाटली," साधना म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. काय झालं ते तिला तेव्हा कळलं.

त्यांनी त्या दिवशी पूजा केली, पुरण खाल्लं, एक शब्द वाकडा काढला नाही. तेच जास्त वाईट. जेवताना भाताचं शीत ताटाबाहेर पडलं आणि त्यांनी ते उचललं नाही. साधना मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, माय, हे तर बिमारच पडले. चार वेळा माफी मागून झाली होती तिची. पुन्हा चिखल लावायचा तर महिने लागले असते, आणि देवमनजींकडे दुसऱ्या दिवशीचं जेवण होतं.

दसऱ्याला सकाळी ते बनियनवर बसून राहिले. म्हणाले, जात नाही. "काय दाखवू त्याईले? शोरूममधली गाडी? आठ महिने त्या माणसानं आठवून आठवून सांगतलं, मामी. आता त्याईच्या आठवणी मोरीत गेल्या, असं सांगू?"

मी म्हटलं, मला अमरावतीला जायचंच आहे, संध्याकाळी नातवंडं सोनं द्यायला थांबली असतील, मूर्तिजापूर वाटेवरच आहे, मी सोबत उतरते. तरी हलेनात. मग नागसेनचा फोन आला. मी जवळच बसले होते, ऐकू आलं. नागसेन म्हणत होता, खुशालभाऊ, कोणत्या गाडीनं येऊन राह्यले? बाबा पहाटेपासून पांढरा शर्ट घालून बसले, चुरगळते म्हणून टेकून बी नाही राह्यले.

खुशालराव उठले आणि पँट चढवली. त्यांच्यासारख्या माणसाला इस्त्रीच्या शर्टाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पॅसेंजरमध्ये ते डबा मांडीवर घेऊन बसले. प्लायवूडचा डबा, आतून गादी लावलेला, माझ्या नातवांचा पाळणासुद्धा एवढा मऊ नव्हता. देवमनजींना आधी काय सांगायचं आणि मग काय, हे मनातल्या मनात घोकत होते. ओठ हलत होते.

मूर्तिजापूरच्या त्या घरापुढं निळा झेंडा लावलेला, दारात रांगोळी, आत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्त्या आणि पांढरी फुलं. वंदना होऊन गेली होती. नागसेनची बायको ज्योत्स्ना हिनं मला हाताला धरून आत बसवलं आणि लगेच खीर आणली. देवमनजी खरंच ताठ बसलेले. काळे, उंच, हाडापेरानं दणकट माणूस, फक्त गुडघे सोडून.

खुशालरावांनी डबा उघडायच्या आधीच कबुलीजबाब द्यायला सुरुवात केली. डाव्या चाकांचा चिखल गेला. दिव्यावरचा शिंतोडा गेला. तेलाचा लांबट डाग गेला. एखाद्या घरातल्या माणसांची नावं घ्यावीत तसं एकेक सांगत होते. मग डबा उघडला. हिरवीगार गाडी, नळीवर कुंकवाचा डाग, झाकणाच्या खाचेत थोडी हळद.

देवमनजींनी ती दोन्ही हातांनी उचलली. फिरवली. खुशालराव त्यांच्या तोंडाकडे असे पाहत होते, जसा निकालाच्या दिवशी पोरगा.

"कोणी धुतली?" त्यांनी विचारलं.

"मंडळीनं. चुकून."

"त्या बाईले आमच्या फौजेत पाठवा लागत होतं," देवमनजी म्हणाले. "आमचा दफेदार खूश झाला असता."

खुशालराव हसले नाहीत. म्हणाले, पुन्हा लावतो सगळा चिखल, मला सगळं पाठ आहे, तुम्ही सांगितलेला एक शिंतोडा इकडचा तिकडं होणार नाही. देवमनजींनी गाडी मांडीवर ठेवली. नागसेनकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"खुशालभाऊ, थो चिखल राहू द्या. थो मी असाच सांगतला."

"म्हणजे?"

"मी आत बसत होतो. समोर एवढीशी काच. बाहेरून कुठी काय लागलं, मले काय दिसते? आन गाडी थांबली का पयला हुकूम, खरडा. चाकात चिखल राह्यला तर चाकावरचा पट्टा निघते. आमी त्याले दुश्मनावाणी काढत होतो. कोणी ध्यानात ठेवते काय?"

मी खुशालरावांकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नसतं, आणि खरं सांगायचं तर हसू आलं असतं. आठ महिने. दात कोरायची काडी. थोडा आणखी खाली.

"डावी बाजू?" खुशालरावांनी विचारलं.

"तुमी इचारलं, डावी का उजवी. काहीतरी सांगा लागन ना. एवढ्या लांबून आलेला माणूस."

"मंग दुसऱ्या खेपीले तरी सांगायचं. काहून नाही सांगतलं?"

देवमनजींनी शर्टाची बाही सारखी केली.

"सांगतलं असतं तर तुमी काय इचारायले आले असते? हा नागसेन चांगला पोरगा हाय. पण मी तोंड उघडलं का म्हणते, बाबा, हे सांगून झालं. तुमी आले आन पेन काढून बसले."

नागसेन दाराकडे पाहायला लागला. ज्योत्स्ना वाटी घेऊन आत गेली.

खुशालरावांचा चेहरा मी आता पाहिला. रागवायचं का नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. कपाळावर घाम, खिशात रुमाल, आणि रुमाल काढायचं सुचत नव्हतं. मोठ्या कष्टानं त्यांनी विचारलं, अगदी हळू, "म्हणजे हे तुमची गाडी नाही."

"गाडी माह्यीच हाय," देवमनजी म्हणाले.

असं म्हणाले, सहज, पाणी मागावं तसं. ज्याच्यासाठी एवढं केलं ते वाक्य आलं आणि खुशालरावांच्या ते अंगाला लागायच्या आत देवमनजींनी बोट पुढच्या झाकणावर ठेवलं. हळद अडकलेलं तेच झाकण.

"पण हे काहून बंद हाय? लढाई नसली का मी इथून डोकं बाहेर काढून चालवत होतो. सारा रस्ता. धूळ तोंडावर. तुमी सारं केलं, गाडीवर डाग केले, ओरखडे केले. मी कुठी हाय याच्यात?"

खुशालरावांनी झाकणाकडे पाहिलं. आठ महिने ते या माणसाच्या समोर बसले होते आणि त्यांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, त्याच्या चिखलाकडे पाहिलं होतं. हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण त्यांनी ज्योत्स्नाला हाक मारली आणि चाकू मागितला. तिनं कांदे चिरायचा आणला. ज्या माणसाचा हात नकाशावर कधी हलला नाही, त्या माणसानं कांद्याच्या चाकूनं ते झाकण उचकटलं. चिकटवलेलं होतं, कट्कन तुटलं, उडून माझ्या खिरीत पडलं. कोणी त्याची माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. खाली गोल भोक राहिलं, शर्टाच्या बटणाएवढं.

"माणूस करतो याच्यात," खुशालराव म्हणाले. "डोकं आन खांदे. तुमी बसा तसेच. हलू नका."

माझी पॅसेंजर आली तशी गेली. तिची शिट्टी मला ऐकू आली आणि मी उठले नाही, नागसेनला म्हटलं, संध्याकाळची पाह्य. खुशालराव खुर्ची ओढून देवमनजींच्या अगदी समोर बसले, चष्मा पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची पुसायची विसरले. नाकाचं विचारलं, नाक तर समोरच होतं. कानाचं विचारलं. रंग तेव्हा एवढाच काळा होता का, तर देवमनजी म्हणाले, उन्हानं याच्याहून काळा. टोपी कशी, तर कानावर पट्ट्या आलेली.

"मिशी होती?"

"होती."

"केवढी?"

देवमनजी लढाईला गेले तेव्हा विशीतले पोर होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नागसेनकडे, आणि मग दोन्ही हातांची बोटं ओठांपासून सुरू करून थेट कानांपर्यंत नेली, आणि तिथून वर वळवली. खुशालराव पेन उचलून मन लावून लिहायला लागले.